पाच घरांची भट्टी, एकीच्या नावावर

फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तो मी काढला. कोणी सांगितलं नव्हतं. उलट आमचे सर म्हणाले होते, अगं राहू दे, लोकांना काहीतरी सांगायचं असतं. मी म्हणाले, सर, लोकांना सांगायचं नसतं, सुटायचं असतं. हा रकाना ठेवलात तर ज्याला डिझेल लपवायचंय तो इथे निबंध लिहील. सर हसले आणि रकाना गेला.

हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येतो का, हे मी चार दिवस करून पाहिलं. ढकलता येत नाही.

मी मूळची पत्रकवाली. कॉलेजपासून पत्रकं लिहिली, छापून आणली, टॉवर चौकात आणि बसस्टँडवर उभी राहून वाटली. आमचं शहर हिंदी बोलणारं, त्यामुळे पत्रकं हिंदीत. मराठी आमच्या माधव नगरच्या घरातली, जेवणाची आणि भांडणाची. पत्रकाला कागद पिवळा घ्यायचा, कारण तो स्वस्त पडतो आणि लांबून दिसतो. मथळा प्रश्नाचा करायचा. गुन्हेगार पहिल्याच ओळीत उभा करायचा. आणि पत्रकात 'पण' लिहायचा नाही. 'पण' आला की वाचणारा सैल होतो, कागद दुमडतो आणि त्यात शेंगदाणे बांधून नेतो. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, संध्याकाळी घरात शिरले की विचारायचे, "काय नेताजी, आज कोणाचा मुर्दाबाद?"

एक पत्रक भैरवगढवर होतं. तिथे कापडावर लाकडी ठशांनी छपाई होते, पिढ्यान्पिढ्या, आणि रंगाचं पाणी वळून वळून शेवटी क्षिप्रेलाच मिळतं. मथळा दिला होता, 'नदीत रंग कोणी ओतला?' ते मी छपाईवाल्यांच्याच गल्लीत वाटायला गेले, कारण पाठीमागे बोलणं मला पटत नाही. एका अंगणात पन्नाशीच्या बाईने हात पुसून पत्रक घेतलं, दोन्ही बाजू शेवटपर्यंत वाचल्या, मला पाणी दिलं, आणि म्हणाली, "लिखा तो जोर का है. देखा कब?"

मी म्हटलं, यात बघायचं काय, सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणाली, हां, सबको तो पता ही रहता है.

तेव्हापासून ती माझी चाची. त्या बाजूला गेले की तिच्या ओट्यावर बसून चहा घ्यायचा, तिने माझ्या नव्या पत्रकाची खेचायची, मी चिडायचं, असं दोन-तीन वर्षं चाललं. ओट्याच्या पलीकडे मागचं अंगण होतं. तिकडे मी कधी गेले नाही. चहा पुढेच मिळायचा.

मग ही नोकरी लागली. सर इथलेच, पण बरीच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काढून परत आलेले. फ्रीगंजात कूलर दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्यांनी काम सुरू केलं होतं. काम सांगायला सोपं आहे. परदेशातला गिऱ्हाईक आता विचारतो, ही चादर बनवताना किती लाकूड जळलं, किती वीज, किती डिझेल? तो इंदूरच्या निर्यातदाराला विचारतो, निर्यातदार आपल्या छोट्या छोट्या कारागिरांना विचारतो, आणि कारागीर म्हणतो, साहेब, आम्ही चादर मोजतो, धूर नाही. तर आम्ही एक प्लॅटफॉर्म बनवत होतो. दर तीन महिन्यांनी कारागिराने मोबाइलवर आपले आकडे भरायचे. त्यातून त्याच्या धंद्याचा कार्बन निघेल, त्याला एक रंग मिळेल, हिरवा, पिवळा, नारिंगी नाहीतर लाल, आणि पुढच्या वर्षी किती खाली यायचं ते उद्दिष्ट. यादी निर्यातदाराला दिसेल.

सरांना असं कोणीतरी हवं होतं जे साध्या भाषेत प्रश्न लिहील आणि धंदेवाल्यांना घाबरणार नाही. दुसऱ्या गुणाबद्दल त्यांनी चौकशी केली होती म्हणे.

मला वाटलं, आता खरं काम. पत्रक वाऱ्यावर जातं, हे जाणार नाही. आणि मी त्या फॉर्मला माझ्या स्वभावाचे तीन नियम लावले. उत्तर फक्त हो, नाही किंवा आकडा. शेरा नाही. आणि एकदा 'जमा करा' दाबलं की कुलूप. आकडा बदलता येणार नाही, कोणालाच नाही, आम्हालासुद्धा नाही. आमची प्रोग्रॅमर माझ्याच वयाची मुलगी, दिवसाला दहा वाक्यं बोलणारी. तिने त्यातलं एक माझ्यावर खर्च केलं: "आणि चूक झाली तर?"

मी म्हणाले, "आकड्यात चूक होत नसते, खोटं होत असतं."

तिने मान हलवली आणि कुलूप बनवलं. चांगलं बनवलं.

भैरवगढची पहिली पाच घरं मीच घेतली. सगळ्यात आधी चाचीकडे गेले, टॅबलेट घेऊन, ओट्यावरच बसले. तिला प्रश्न वाचून दाखवायचे आणि तिचं उत्तर भरायचं. आपके यहां भट्टी है? है. लकड़ी जलती है? जलती है. तीन महीने में कितनी? तिने आठवून, बोटांवर उकळण्या, म्हणजे कापड रंगात उकळायचे दिवस, मोजून, एका उकळणीला लाकडाच्या गाड्या किती ते सांगितलं. मग म्हणाली, "पर लकड़ी तो बेटा सबकी..."

मी म्हटलं, "चाची, इसमें 'पर' का खाना नहीं है. जलती आपके यहां है ना? हां या ना?"

"हां."

आकडा भरला. जमा केलं. कुलूप पडलं. मग शेजारच्या चार घरी गेले. आपके यहां भट्टी है? नाही. चारही ठिकाणी नाही. मला ते विचित्र वाटायला हवं होतं. रंग उकळल्याशिवाय कापडावर बसत नाही, हे मी स्वतः एका पत्रकात लिहिलेलं होतं. मला काही वाटलं नाही. माझं दुपारपर्यंत काम उरकलं म्हणून बरं वाटलं.

मंगळवारी रंग आले. भैरवगढची चार घरं हिरवी. चाची लाल.

आता जे लिहिते त्याची लाज वाटते. मला समाधान वाटलं. मनात आलं, बघा, आमचा प्लॅटफॉर्म ओळखीपाळखी बघत नाही. मी सरांना तसं म्हणालेही. दुपारी फोन आला तेव्हा मी डबा खात होते.

"बेटा, ये लाल क्या होता है?"

मी सांगायला लागले की लाल म्हणजे सुधारणेला सगळ्यात जास्त वाव. तिने थांबवलं. "लाल मतलब खराब. सीधा बोल." मग शांतपणे सांगितलं की इंदूरहून निर्यातदाराच्या माणसाचा फोन होता. चादरींची वर्षाची ऑर्डर या वेळी रंग बघून वाटणार आहेत. लालवाल्याला देता येणार नाही, वरून मनाई आहे. शेवटची यादी शुक्रवारी पाच वाजता उचलणार. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. रागाशी कसं बोलायचं ते मला येतं.

डबा तसाच बंद केला आणि ऑटो पकडली. सिंहस्थाच्या तयारीने रस्ता जागोजाग उकरलेला, ऑटो गल्ल्यांतून फिरवत नेली. मी मोबाइलवर यादी उघडून बसले होते. पान ताजं केलं की लाल ठिपका एक क्षण नाहीसा व्हायचा आणि परत यायचा. मी ते इतक्या वेळा केलं की ऑटोवाल्याने विचारलं, "दीदी, रिजल्ट आया क्या?"

त्या दिवशी पहिल्यांदा मी ओटा ओलांडून मागच्या अंगणात गेले. भट्टी थंड होती. तिच्यावर तांब्याचं प्रचंड भांडं, आत दोन माणसं बसतील एवढं. चाचीने मला जे सांगितलं ते तिने फॉर्म भरतानाच सांगायला सुरुवात केली होती. भांडं तिच्याकडे आहे, कारण अंगण तिच्याकडे आहे. कापड पाचही घरांचं येतं. ज्या दिवशी उकळणी, त्या दिवशी प्रत्येक घर आपली लाकडं आणून एकाच ढिगावर टाकतं. आग एक, भांडं एक, दिवसभर एकामागून एक पाचही घरांची कापडं त्यात उतरतात. असं तिच्या सासूच्या आधीपासून चालत आलंय.

"आणि तुम्ही मला हे सांगितलं का नाही?" मी मराठीतच बोलून गेले. घाबरले की माझी हिंदी जाते.

तिला कळलं. "बोला था. खाना नहीं था."

मी विचारलं, ऑर्डर गेली तर? ती म्हणाली, तर काय, आपली छपाई थांबेल, आणि आपलं कापड नसेल तर शेजाऱ्यांच्या कापडासाठी मरमरून आग कोण राखणार, वय झालं. भट्टी विझेल. ते चौघं आपापल्या दारात आपापली चूल मांडतील. काढतील काहीतरी मार्ग.

मला भांडं तापवण्याचं गणित तिथेच कळलं, कागद लागला नाही. लाकूड जळतं ते पाणी उकळेपर्यंत. एकदा उकळलं की मग थोडक्यात भागतं. एका आगीच्या पाच आगी झाल्या तर धूर कमी होणार नाही, वाढेल. म्हणजे मी असा प्लॅटफॉर्म बनवला होता जो गल्लीतली सगळ्यात शहाणी भट्टी बंद पाडणार होता, आणि वर चार हिरवे ठिपके देणार होता. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याच्यावर पिवळ्या कागदाचं अख्खं रिम संपवलं असतं.

बुधवारी सकाळी सरांपुढे उभी राहिले. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं असं तोंडाने म्हणाले, आणि मग टेबलावरचं आमचं माहितीपत्रक उचलून त्यातलं एक वाक्य मला वाचून दाखवलं. 'एक बार भरा, तो भरा. न व्यापारी बदल सकता है, न हम.' वाक्य माझं होतं. मला त्याचा अभिमान होता.

"निर्यातदार आपल्याकडे या एका वाक्यासाठी आलाय," सर म्हणाले. "आज मी एका ओळखीच्या बाईचा आकडा उघडला, तर उद्या सगळे रांग लावतील. आणि त्याला कळलं तर आपण संपलो. तूच सांग, तू बाहेर असतीस आणि तुला हे कळलं असतं तर काय छापलं असतंस?"

मी काय छापलं असतं ते मला शब्दन्‌शब्द माहीत होतं. त्या दिवशी मी काहीही काम केलं नाही. अंगठ्याची कातडी सोलत बसले, आणि पान ताजं करत राहिले. शुक्रवार पाच वाजायला किती तास उरले ते मोजायचे, मग विसरायचे, मग परत मोजायचे.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा आईने विचारलं, भाजी आवडली नाही का. बाबा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "आज मुर्दाबाद बहुतेक स्वतःचाच आहे."

मग मी सांगितलं. बाबांनी सगळी नोकरी स्टेशनवर काढली, केबिनमध्ये गाड्यांच्या वेळा रजिस्टरात लिहिण्यात. हे मला माहीत होतं, पण कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बाबा, तुमच्या रजिस्टरात चुकीची वेळ पडली तर काय करायचात? ब्लेडने खरवडायचात?

"खरवडलं की नोकरी गेली," बाबा म्हणाले. "एक रेघ मारायची. अशी, की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर वेळ लिहायची. बाजूला सही."

"सही कोणाची?"

"ज्याने चूक केली त्याची. दुसऱ्या कोणाची कशाला?" त्यांनी आईकडे वाटी सरकवली. "थोडी कढी दे गं."

गुरुवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी मी जिन्यात उभी होते. सरांना म्हटलं, कुलूप तोडू नका. जुना आकडा तसाच राहू दे, लालसकट. त्याच्यावर रेघ. शेजारी नवा आकडा, का बदलला ते एका ओळीत, आणि ज्याची चूक त्याचं नाव. सगळं उघड, निर्यातदाराला दिसेल असं. सर बराच वेळ किल्लीशी खेळत राहिले. मग मी बाबांना विचारला होता तोच प्रश्न विचारला, सही कोणाची.

"माझी. प्रश्न मी लिहिला होता."

"निर्यातदार उलटला तर तुझं नाव पहिलं जाईल."

मी म्हटलं, जाऊ दे. सरांनी प्रोग्रॅमरला हाक मारली. तिने ऐकलं आणि म्हणाली, एका दिवसात होईल. मग जाता जाता म्हणाली, "शेरा परत लावते." त्या दिवसातलं तिचं तिसरं की चौथं वाक्य असेल.

त्याच दिवशी उकळणी होती. मी पोचले तेव्हा गल्लीत धूर होता आणि रंगाच्या भांड्यात टाकतात त्या धावड्याच्या फुलांचा उग्र वास. माझ्या हातात डायरी. मला वाटत होतं, काम सरळ आहे: कोणी किती लाकूड टाकलं ते लिहायचं, त्या हिशेबाने पाच वाटे करायचे. एक म्हातारा मोळी टाकत होता. मी विचारलं, ये कितनी होगी, और किस घर की?

तो थांबला. पलीकडे दोघीजणी बोलत होत्या, त्याही थांबल्या. चाचीने मला आत बोलावून चहाला आधण ठेवायला लावलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "भट्टी पे ये नहीं पूछते."

का, ते तिने नंतर सांगितलं. एका घरात मागे कर्ता माणूस गेला. त्यांचं कापड येत राहिलं, लाकूड कित्येक उकळण्या आलं नाही. ढीग एकच असल्यामुळे कोणाला ते दिसलं नाही. म्हणजे दिसलं सगळ्यांना. ढीग एकच ठेवतात तो त्यासाठीच. आणि मी डायरी घेऊन आले होते.

मी चुलीपाशी बसून राहिले. लाकूड मोजायचं नाही तर वाटे कसे करायचे? वाटे नाहीत तर शेऱ्यात लिहू काय, की 'बाई भल्या आहेत'? चहा उतू गेला. बाहेर कापडं उतरायला लागली होती आणि एका बाईचा आवाज येत होता, एका सुरात. लाल धागा, एक, दो, तीन. मग, नीला धागा, एक, दो. मी बाहेर आले. प्रत्येक घराच्या गठ्ठ्याला वेगळ्या रंगाचा धागा होता. भांड्यात टाकताना मोठ्याने मोजत होते, काढतानाही मोजत होते, कारण आपल्या चादरी दुसऱ्याच्या घरी जाऊन कोणाला चालणार?

"चाची, कपड़ा गिनते हैं?"

"कपड़ा तो गिनेंगे ही," ती म्हणाली, जणू मी अगदीच मूर्ख आहे. आणि होते.

लाकूड ज्याचं त्याचं नाही. कापड ज्याचं त्याचं आहे. कापडाच्या वाट्याने आगीचा वाटा. मी भिंतीला टेकून लिहीत गेले, आणि कोणाला अपमान वाटला नाही. मोजून झाल्यावर त्या मोजणाऱ्या बाईने माझा आकडा तपासला आणि एक चूक काढली.

पण वाटे लावायचे म्हणजे शेजाऱ्यांच्या फॉर्मवरही रेघ येणार, आणि त्यांचा हिरवा पिवळा होणार. त्यांना विचारणं भाग होतं. मी चाचीला म्हटलं, तुम्ही बोला. तिने साफ नाही म्हटलं. मी माझ्या तोंडाने माझ्या आगीचं ओझं त्यांच्यावर टाकणार नाही, तुला विचारायचं तर विचार.

दुपारभर चार दारं केली. मोजणाऱ्या बाईने लगेच हो म्हटलं. दोघांनी विचारलं, पिवळ्याला ऑर्डर मिळते ना? मिळते म्हटल्यावर तेही तयार झाले. चौथं घर तरुण माणसाचं, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा. त्याने हिरव्या ठिपक्याचं चित्र मोबाइलच्या स्टेटसला लावलं होतं. लग्नाची बोलणी चालली होती, मुलीकडच्यांनी बघितलं होतं.

तो म्हणाला, "पहली बार कुछ हरा हुआ है मेरा."

मी म्हटलं, तुमचं कापड त्याच आगीवर उकळतं.

"आपने पूछा था, आपके यहां भट्टी है? मैंने कहा नहीं. झूठ बोला क्या?"

बोलला नव्हता. मी तावातावाने दाराबाहेर आले. डोक्यात मथळा तयारच झाला होता: 'पड़ोसी की आग पर हरा कौन?' आणि लगेच चाचीचा तो जुना प्रश्न आठवला, देखा कब. त्याच्या घरी मी एकूण दोनदा गेले होते. एकदा टॅबलेट घेऊन, एकदा डायरी घेऊन.

चाचीला सांगितलं, तीन तयार, एक नाही. वाट्याचं काय करू? ती ओलं कापड पिळत होती. "उसका मेरे में डाल दे."

"चाची, ते खोटं होईल."

"लकड़ी मेरे यहां जली कि नहीं?"

"जली."

"तो झूठ कैसा?" आणि मग, पहिल्यांदाच जरा कडक आवाजात, "उसका नाम मत लिखना. लड़के की शादी है."

शुक्रवारी रेघ तयार होती. जुन्या आकड्यावर आडवी, करडी, खालचं वाचता येईल अशी. चार घरांवर ती पडली. तीन पिवळी झाली. चाची, एक जास्तीचा वाटा डोक्यावर घेऊन, लालवरून नारिंगीवर आली. त्याचा वाटा त्याच्यावर गेला असता तर पिवळी झाली असती. तो हिरवाच राहिला. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: 'एक भट्टी, कई घर. सवाल में साझी आग की जगह नहीं थी. गलती सवाल लिखने वाली की है. जो हिस्सा बंटा नहीं, भट्टी वाली ने अपने ऊपर रखा है.' खाली माझं नाव. एवढं साधं वाक्य लिहायला मला पत्रकापेक्षा जास्त वेळ लागला. त्यात मथळा नव्हता आणि कोणाला पकडायचं नव्हतं.

पाचला दहा मिनिटं असताना यादी गेली. साडेपाचला निर्यातदाराचा सरांना फोन आला. सर खोलीबाहेर जाऊन बोलले. काचेतून त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि पाठीवरून काही कळत नाही, मी खूप प्रयत्न केला. प्रोग्रॅमरने आपला शेंगदाण्याचा पुडा माझ्यापुढे सरकवला. सर आत आले आणि म्हणाले, "विचार करतो म्हणालाय."

शनिवार, रविवार तसेच गेले. आई दोनदा म्हणाली, फोन जरा खाली ठेव. सोमवारी त्याच्या माणसाने चाचीला फोन करून विचारलं की ही रेघ काय भानगड आहे. तिने सांगितलं, उकळणीच्या दिवशी या आणि बघा. तो आला नाही. अर्धी ऑर्डर आली. उरलेल्या अर्धीचं पुढच्या यादीनंतर बघू, असा निरोप.

मी चाचीला माफी मागायला गेले तर ती म्हणाली, अर्धी ऑर्डर म्हणजे अर्धं काम, कमर को आराम. हसली. मला हसू आलं नाही. अर्धीच का आली ते मला माहीत होतं: माझा प्रश्न, आणि तो जास्तीचा वाटा.

पुढच्या उकळणीला मी सकाळपासून हजर होते. सरांनी नवे प्रश्न लिहायला सांगितलेत. मी म्हटलं, आधी बसून येते. ओट्यावर नाही, मागे, लाकडांच्या ढिगाशेजारी. डायरी होती, पेन होतं. कापडं यायला लागली. पिवळा धागा त्या तरुणाचा. त्याने गठ्ठा ठेवला, चाचीने तो इतरांसारखाच ओढून रांगेत लावला. मग तो परत गेला आणि हातगाडीवर लाकूड घेऊन आला. गाडी एका घराच्या लाकडापेक्षा उघडच जास्त भरलेली होती, वर दोरीने बांधलेली. कोणाकडे न बघता त्याने सगळं ढिगावर रिकामं केलं, आणि रिकामी गाडी घेऊन माझ्या शेजारून गेला.

मोजणारी बाई म्हणाली, पीला धागा, एक, दो. मी कापड लिहून घेतलं. लाकडाकडे बघितलं नाही.